दुसरं वावर

वैजनाथ सर कुठंही टेकायच्या आधी विचारायचे, "मालक कोन?" मग ते चहाच्या टपरीपुढचं बाकडं असो, लग्नाच्या मांडवातली खुर्ची असो, नाहीतर रस्त्याकडेच्या कडुनिंबाची सावली असो. टपरीपुढच्या बाकड्याचा मालक टपरीवालाच असणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण सरांना ते समोरच्याच्या तोंडून ऐकायचं असे. तो "बसा की सर, तुमचंच हाय" म्हणाला की मगच ते बसत, आणि बसता बसता मला हळूच सांगत, "माझं न्हाई. त्याचंच हाय. त्यो चांगला हाय म्हनून बसलोय."

एका कचेरीत कुठलासा अर्ज संगणकावर भरायचा होता. कारकुनाला सरांनी विचारलं, ह्या वेबसाइटचा मालक कोण? तो म्हणाला, सरकार. सर म्हणाले, सरकारात कोण? कारकून तिसऱ्या प्रश्नाला उखडला आणि आमचा अर्ज सगळ्यात खाली गेला. मी रस्ताभर सरांशी बोलले नाही. त्यांना त्याचं काही नव्हतं. उद्या बंद पडली तर कुणाच्या दारात जायचं, एवढंच कळायला पाहिजे होतं, म्हणाले.

आणि गंमत अशी की माणसांना हाक मारतानाही ते 'मालक'च म्हणायचे. खतवाल्याला मालक, पोस्टमनला मालक, मला मालक. आमच्या सासूबाईंना हे अजिबात रुचत नसे. त्यांच्या लेखी मालक म्हणजे नवरा, आणि परक्या माणसानं सुनेला असलं काही म्हणावं हे त्यांना विपरीतच वाटायचं. मी सरांना दोनदा सांगून पाहिलं. ते "बरं मालक" म्हणाले, मग मी नाद सोडला.

सर गेले त्याला आता दीड वर्ष झालं. त्यांचं सगळं चरित्र मला माहीत नाही आणि इथं ते सांगायचंही नाही. नेकनूरकडच्या एका मेंढपाळाच्या घरचे, आयटीआयमध्ये संगणक शिकवला, निवृत्तीच्या आधीच नोकरी सोडली, आणि केजमध्ये एका खताच्या दुकानाच्या वर खोली घेऊन सॉफ्टवेअर करायला बसले, एवढं पुरे. त्या खोलीला युरियाचा असा वास यायचा की घरी गेले तरी पदराला तो असायचाच. मी पुण्यातली नोकरी सोडून सासूबाईंच्या दुखण्यापायी केजला आले होते. कुणीतरी सांगितलं म्हणून भेटायला गेले. शिक्षण, अनुभव, काही विचारलं नाही. माझ्या लॅपटॉपकडं बोट दाखवून म्हणाले, ह्याचा मालक कोण? तो जुन्या कंपनीचा होता आणि आठवड्यात परत द्यायचा होता. मी खरं ते सांगितलं. "मंग ह्याच्यात आपलं काही ठिवू नका," म्हणाले, आणि मला कामावर घेतलं.

काम सरांच्या घरातूनच निघालं होतं. त्यांचा धाकटा भाऊ अजून मेंढ्या राखतो. एका हंगामात त्याच्या मेंढ्या लाळ-खुरकुतीनं पटापट पडल्या. तोंडाला फोड, खुरात जखमा, चालवेना, खाववेना. जनावरांचा डॉक्टर त्या दिवशी दोनच कोसांवर दुसऱ्या गावात होता, पण ते ह्याला माहीत नव्हतं आणि डॉक्टरला हा माहीत नव्हता. सरांच्या मनाला ते लागलं. आयुष्यभर पोरांना संगणक शिकवला आणि आपल्या भावाचा निरोप दोन कोस जाईना, असं ते म्हणायचे. त्यातून 'हाक' उभी राहिली. मेंढपाळानं एका नंबरवर नुसतं बोलून पाठवायचं, कुठल्या शिवारात आहोत, जनावराला काय झालंय. आमचं सॉफ्टवेअर ते ऐकून लिहून काढायचं आणि त्या भागात फिरणाऱ्या डॉक्टरला कळवायचं.

हे सगळं बसवायचं कशावर, यावरून आमचा पहिला वाद झाला. मेंढपाळांच्या फोनमध्ये मेसेजचं एक ॲप आधीच होतं, जगभर चालणाऱ्या एका परदेशी कंपनीचं. त्यावरच बसवू, असं माझं म्हणणं. वेगळं ॲप उतरवून घ्या म्हटलं तर कोण घेणार होतं? सर म्हणाले, आधी कागद वाचू. कंपनीच्या अटी मला मोठ्यानं वाचायला लावल्या, मराठी करून, एकूण एक पान. दोन दुपारी त्यातच गेल्या. एक अट अशी होती की कंपनी वाटेल तेव्हा, कारण न सांगता, आपलं खातं बंद करू शकते. मला वाटलं, आता हे नको म्हणणार. तर सर खळखळून हसले.

"आमच्या बापाला वावरवाला हेच सांगायचा," म्हणाले. "फक्त एवढी पानं लागायची न्हाईत त्याला."

मग त्यांनी मला मेंढ्या बसवण्याची रीत सांगितली. मेंढपाळाला स्वतःचं रान नसतं. लेंडीखताच्या लोभानं शेतकरी त्याला आपल्या वावरात मेंढ्या बसवू देतो. मेंढपाळ वाघर लावतो, वाघर म्हणजे मेंढ्यांभोवतीची जाळी, आणि मुक्काम करतो. पण वावरवाल्याचं मन फिरलं, पेरणी काढली, भावाभावांत भांडण लागलं, तर सकाळी उठ म्हटलं की उठायचं. त्याबद्दल कुणी रागावत नाही, वावर त्याचं आहे. म्हणून सरांच्या वडिलांचा नेम होता, पहिल्या वावरात वाघर लावायच्या आधी दुसरं वावर बोलून ठेवायचं. जाळी ठोकायची ती त्यानंतरच. बायको-पोरं उपाशी बसलेली असली तरी हा माणूस आधी पुढच्या बांधावर जाऊन बोलून यायचा.

"बसू त्यांच्या वावरात," सर म्हणाले. "वावर चांगलं हाय. पर दुसरं बघून ठिवायचं, ते तुमच्याकडं."

दुसरं वावर म्हणजे दोन गोष्टी ठरल्या. एक, साध्या फोनवर चालणारी आपली स्वतःची सोय हळूहळू उभी करायची. दुसरी, दर सोमवारी लोकांची नावं, गावं, नंबर कंपनीच्या खात्यातून आपल्याकडे उतरवून घ्यायचे. नाहीतर ते सगळं कंपनीच्याच कपाटात राहिलं असतं आणि किल्लीही त्यांच्याकडेच.

सुरुवातीला सर दर सोमवारी जिना चढता चढताच विचारायचे, "मालक, दुसरं वावर बघितलं का?" मी बघितलं म्हणायचे, आणि बघितलेलं असायचं.

मग 'हाक' चालली. अशी चालली की आम्हालाच नवल वाटलं. केज, नेकनूर, तिकडं कपिलधारच्या डोंगराकडचे तळ, सगळीकडून निरोप यायला लागले. डॉक्टर लोक आधी कुरकुरले, मग त्यांनाच सोयीचं वाटायला लागलं. सर बाजाराच्या दिवशी नेकनूरला जाऊन एकेका मेंढपाळाला फोनवर बोलायला शिकवायचे आणि छातीवर हात ठेवून सांगायचे, हा नंबर तुमचाच हाय, कवाबी हाक मारा. मी एकदा टोकलं, नंबर तुमचाच असं नका सांगू, तो कंपनीच्या मर्जीवर आहे. ते पुढच्या मेंढपाळाकडं वळले. त्या दिवसांत सर फार खुशीत होते. सोमवारचा प्रश्न कधी बंद झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्यांनी विचारणं सोडलं आणि मला बरं वाटलं. कामाचा रगाडा होता, यादी उतरवायची राहून गेली. एक सोमवार राहिला, मग दुसरा, आणि मग पाचसहा महिने. ही चूक माझी आहे, ती मी सरांच्या नावावर घालणार नाही.

राम रामाची गोष्ट मात्र सरांची.

आमचं यंत्र आधी थेट कामाचं विचारायचं, काय अडचण आहे, कुठलं गाव. कोंडाबाई म्हणून एक म्हातारी होती, चाळीस वर्षं मेंढ्यांमागं फिरलेली, जिभेला हाड नसलेली. तिनं बाजारात सरांना गाठून झापलं. राम राम घातला तर तुमचं यंत्र घेत न्हाई, मुकं हाय का मगरूर? सर तसेच उलट्या पावली आले आणि म्हणाले, उद्यापासून यंत्रानं राम राम घेतलाच पाहिजे. मी केलं. आता कुणी राम राम म्हटलं की यंत्र उलट राम राम म्हणायचं.

झालं. लोकांना ते एवढं गोड लागलं की जनावर आजारी असो नसो, मेंढ्या सोडायच्या आधी जो तो नंबरवर राम राम घालायला लागला. रोज सकाळी सहाच्या सुमाराला शेकडो राम राम यायचे आणि आमच्याकडून शेकडो राम राम जायचे, एकाच मिनिटात, अक्षर न् अक्षर तेच. आपल्या गावात याला माणुसकी म्हणतात. कंपनीच्या नियमात याला घाऊक, निरुपयोगी संदेश पाठवणं म्हणतात. एक पिवळी सूचना आली. मी ती सरांना दाखवली, नियम वाचून दाखवला, हात जोडले. म्हटलं, सर, यंत्राचा राम राम बंद करू, लोकांना मी समजावते.

"राम राम न घेनाऱ्याच्या दारात आमी पानी बी पीत न्हाई," म्हणाले. "कंपनीला लिहा. समजंल त्यांना."

मी कंपनीला लिहिलं. राम राम म्हणजे काय, मेंढपाळ कोण, सगळं. उत्तर क्षणात आलं, आपला संदेश मिळाला आहे. तेही यंत्रानंच दिलेलं. सर म्हणाले, बघा, ह्यांचं यंत्र बी राम राम घेत न्हाई.

आणि एका सकाळी खातं बंद झालं. दिवसही नेमका तसलाच, लाळ-खुरकूत पुन्हा सुरू झालेली, आदल्या दिवशी एका तळावरून तीन निरोप आलेले. मी खोलीवर आले तर पडद्यावर एकच ओळ, आपलं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. अर्ज केला. चार मिनिटांत उत्तर, निर्णय अंतिम आहे. माणूस कुठंच नव्हता की ज्याच्या हातापाया पडावं. मी यादी उघडली. आमच्याकडची यादी सहा महिन्यांपूर्वीची, त्यात पाव लोकसुद्धा नव्हते. बाकीचे कुठं फिरतायत, कुठल्या शिवारात आहेत, काहीच माहीत नाही. मेंढपाळाचा पत्ता तो काय असणार? आज या वावरात, उद्या त्या. ते हाक मारत राहणार, नंबर गप्प राहणार, आणि जनावरं पडत राहणार. सरांनी छातीवर हात ठेवून दिलेला शब्द होता तो.

मी सरांना सांगितलं, यादी मी उतरवली नाही. सहा महिने नाही. म्हटलं आता ऐकायची तयारी ठेवावी. सर खुर्चीत बसले, आणि बसताना पहिल्यांदाच मालक कोण ते विचारलं नाही, अर्थात खुर्ची त्यांचीच होती.

"तुमी बघायचं सोडलं, कावून की मी इचारायचं सोडलं," म्हणाले. "बाप असता तर दोघांना बी वाघरीतच कोंडलं असतं."

मग उठून त्यांनी कोरी वही काढली आणि म्हणाले, चला, नेकनूरच्या बाजारापासून सुरू करू, एकेक माणूस गाठू. बाजाराला चार दिवस होते. चार दिवसांत काय काय झालं असतं, ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

दहाच्या सुमाराला जिन्यावर काठीचा आवाज आला. कोंडाबाई. बरोबर तिची सून. जीपनं आल्या होत्या. दारातच कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सरांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"जिते हाव का," म्हणाली. "सकाळी राम राम घातला. उत्तर न्हाई. चार डाव घातला. म्हनलं, सर खपले का काय, बघून तरी यावं."

मला हसावं का रडावं कळेना, आणि मग रडूच आलं. मी ते लपवलंही नाही. सर माठाकडं वळले आणि पाठमोरेच उभे राहून दोन तांबे पाणी प्याले. मग वही उघडली, पहिल्या ओळीवर कोंडाबाईचं नाव लिहिलं, नंबर लिहिला, सध्या तळ कुठं आहे ते लिहिलं. तिच्या दोन मेंढरांना लाळ गळत होती. सरांनी स्वतःच्या फोनवरून डॉक्टरला सांगितलं.

ती एकटी नव्हती. बारापर्यंत जिना भरला. कुणी केजच्या स्टँडवरून चालत आलेले, कुणी मोटारसायकलवर तिघं, कुणी कपिलधारकडून. सगळ्यांचा एकच प्रश्न, सर बरे हायत का? खालचा खतवाला वैतागला, त्याला वाटलं युरिया आला अशी आवई उठली. इतके दिवस यंत्रानं एक राम राम चुकवला नव्हता, म्हणून एक चुकला तेव्हा त्यांना कळलं की काहीतरी बिनसलंय. ज्या राम रामानं आमचं खातं घालवलं होतं, त्याच राम रामाच्या मागं माणसं चालत आली होती. जे आले त्यांनी न आलेल्यांचे नंबर सांगितले. संध्याकाळपर्यंत निम्मी वही भरली. बाजाराच्या दिवशी उरलेली. त्या हंगामात जनावरं आजारी पडली, पण डॉक्टर पोचला नाही म्हणून दगावलं, असं एकही नाही. मी हे अभिमानानं सांगते.

नंतर आम्ही आपली सोय उभी केली. नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, यंत्र उलट फोन करतं, आपण बोलायचं. मी एकदा चिडवलं, सर, सिमकार्डही कंपनीचंच असतं की. म्हणाले, असू द्या, कंपनी बदलली तरी नंबर आपल्यासंगं येतो, मेंढ्या घेऊन उठता येतं. कसलंच वावर कायम आपलं नसतं मालक, उठता आलं पाहिजे. परदेशी कंपनीवर त्यांनी कधी राग धरला नाही. वर्षभरानं नव्या नावानं आम्ही तिथंही परत गेलो, रीतसर, त्यांच्या नियमात बसून. मी मुद्दाम विचारलं, राम रामाचं काय? त्यांच्या वावरात त्यांची रीत, म्हणाले. आपल्या फोनवर मात्र पहिले शब्द सरांच्याच आवाजात आहेत, "राम राम मालक. बोला." सर गेल्यावर तो आवाज बदलायचा का, म्हणून मी वहीतल्या चारजणांना विचारलं. कोंडाबाई म्हणाली, कावून बदलायचा? त्यानं कुनाचं काय घोडं मारलंय? मग आवाज तसाच ठेवला.

शेवटच्या वर्षी सरांनी सगळ्या किल्ल्या, सगळे परवलीचे शब्द एका वहीत लिहून माझ्या हातात दिले आणि भावाकडं राहायला गेले. तब्येत बरी नव्हती, ते मला नंतर कळलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कपिलधारच्या रस्त्याला. सासूबाईंना दर्शनाला नेलं होतं, परतताना जीपमधून बाहेर बघते तर एका वावरात मेंढ्या उतरत होत्या. सरांचा भाऊ वाघरीचे खुंट खांद्यावर घेऊन उभा, ठोकत नव्हता, नुसता थांबलेला. आणि पलीकडच्या बांधावर सर, अंगावर घोंगडी, हातात भावाची काठी, शेजारच्या शेतकऱ्याशी हात हलवून हलवून बोलत होते. तो मान डोलावेपर्यंत इकडं खुंट ठोकला जाणार नव्हता.

मी ड्रायव्हरला थांबायला लावलं आणि खाली उतरून हाक मारली. सरांनी कपाळावर हात धरून पाहिलं, ओळखलं. यायला मात्र निघाले नाहीत, बोलणं अजून संपलं नव्हतं ना. तिथूनच ओरडले, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं.

"मालक! दुसरं वावर बघितलं का?"

"बघितलं, सर," मी ओरडले.

आणि ते खरं होतं. सोमवार होता आणि यादी मी सकाळीच उतरवून निघाले होते.